तबकडीचा तह

इतिहासाच्या पुस्तकांत तहांना मानाचे स्थान असते. पुरंदरचा तह, सालबाईचा तह, वसईचा तह ही नावे आपण शाळेत पाठ केली आणि त्यांची कलमेही परीक्षेपुरती ध्यानात ठेवली. किल्ले किती गेले आणि किती उरले, खंडणी किती ठरली, हे सारे तहाच्या कागदावर नमूद केलेले असते. परंतु ज्या रयतेच्या शेतावरून सरहद्द सरकली, त्या रयतेची सही त्या कागदावर कोठेच आढळत नाही. तहाचा भार मात्र तिनेच वाहावयाचा असतो. इतिहास हा विषय घेऊन एम.ए. झालो आणि पुढे सरकारी नोकरीत दिल्लीस आलो. पण या गोष्टीचा खरा अर्थ मला ना विद्यापीठात उमगला, ना दप्तरात. तो उमगला दक्षिण दिल्लीतील नेहरू प्लेसच्या बाजारात, संगणकासाठी एक तबकडी-वाचक यंत्र, म्हणजे ज्याला बाजारात ‘ड्राइव्ह’ म्हणतात ते, विकत घेताना. त्या खरेदीची आणि तिच्यामागे असलेल्या एका विलक्षण युद्धाची हकीकत आज सांगावयाची आहे.

ती २००८ च्या जानेवारीतील गोष्ट. मी त्या वेळी रामकृष्णपुरम् येथील सरकारी वसाहतीत राहत होतो. आदल्या दिवाळीत माझा धाकटा चुलतभाऊ अमेरिकेतून आला होता आणि येताना तीन चित्रपट घेऊन आला होता. “दादा, हे साधे डीव्हीडी नव्हेत हं. चित्र इतके स्वच्छ दिसते की पडद्यावरच्या माणसाच्या अंगरख्याची वीण मोजता येते,” असे त्याने मोठ्या उत्साहाने सांगितले. तबकड्यांवर ‘एचडी डीव्हीडी’ अशी अक्षरे होती. घरी नवा संगणक होता, बऱ्यापैकी मोठा पडदा होता. पण ह्या तबकड्या वाचणारे यंत्र नव्हते. तेव्हा एका शनिवारी बाहेरच्या मुद्रिकेची बस पकडून मी नेहरू प्लेसला गेलो.

ज्यांनी नेहरू प्लेस पाहिलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. दिल्ली विकास प्राधिकरणाने योजून उभारलेले हे व्यापारी केंद्र आहे. मध्ये फरसबंद मोकळे चौक, भोवती उंच इमारती, आणि त्या इमारतींच्या तळघरापासून वरच्या मजल्यांपर्यंत संगणकाची आणि त्याच्या सुट्या भागांची दुकाने. चौकात फेरीवाले पथारी पसरून तारा, माउस आणि छपाईच्या शाईच्या डब्या विकत बसलेले. पुण्याच्या जुन्या बाजारात घासाघीस करून तयार झालेला माणूस येथे पाच मिनिटांत रुळतो. मी एका दुकानात शिरलो आणि उच्च प्रतीचे चित्रपट दिसतील असे ड्राइव्ह दाखवा म्हणालो. दुकानदार हसला आणि त्याने उलट विचारले, “साहेब, तुम्ही कोणत्या पक्षाचे? ब्लू-रे की एचडी?” वस्तू घेण्यापूर्वी गिऱ्हाइकाला पक्ष विचारला जातो, हे मी प्रथमच पाहत होतो.

हा पक्षभेद कोठून आला हे समजण्यास थोडे मागे जावे लागते. आपल्या वाडवडिलांनी ग्रामोफोनच्या ध्वनिमुद्रिकेला तबकडी म्हटले. त्या तबकडीवर सुई घासत असे. नव्या तबकडीवर सुईच्या जागी प्रकाशाचा किरण आला. चकचकीत पृष्ठाखाली अतिसूक्ष्म खळग्यांची एक अखंड मळसूत्री वाट कोरलेली असते. लेसरचा किरण त्या वाटेवरून फिरतो, खळगा आला की परतणारा प्रकाश मंदावतो, सपाट जागा आली की उजळतो, आणि त्या उजेड-अंधाराच्या लिपीतून यंत्र आवाज किंवा चित्र पुन्हा उभे करते. जपानची सोनी आणि हॉलंडची फिलिप्स ह्या दोन कंपन्यांनी मिळून ठरविलेली सीडी १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानात विक्रीस आली. एशियाडच्या निमित्ताने आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आले तेच हे वर्ष.

ह्या तबकडीचा सारा इतिहास एका वाक्यात सांगता येतो: किरण जितका बारीक, तितकी लिपी बारीक, आणि लिपी जितकी बारीक, तितका मजकूर अधिक. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्यांस जवळजवळ न दिसणारा अवरक्त. डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा, तांबडा. माणसाचा केस सत्तर मायक्रॉन जाडीचा धरला तर तेवढ्या रुंदीत सीडीच्या वाटेचे सुमारे चाळीस वेढे बसतात आणि डीव्हीडीचे सुमारे पंचाण्णव. त्यामुळे बारा सेंटिमीटर व्यासाच्या त्याच चकतीवर सीडीत सुमारे ७०० मेगाबाइट माहिती मावत असे, तर डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गिगाबाइट.

आपल्या मध्यमवर्गीय घरांत ह्या दोहोंच्या मध्ये एक पाहुणी येऊन बरीच वर्षे राहिली. ती म्हणजे व्हीसीडी. १९९३ साली तिचे नियम ठरले. तिचे चित्र ओबडधोबड, एक चित्रपट दोन तबकड्यांत विभागलेला. पण तिला ना कुलूप, ना देशांच्या सीमा. कोणत्याही संगणकाच्या साध्या सीडी ड्राइव्हमध्ये ती मुकाट्याने चालत असे. दिल्लीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आपली नाटके, भावगीते आणि चित्रपट पुष्कळ अंशी तिच्यावरच पाहिले. सुट्टीवरून परतताना पुण्यामुंबईहून लोणच्याच्या बरणीबरोबर चार व्हीसीडी आणावयाच्या, हा शिरस्ताच होता.

डीव्हीडीच्या जन्मकाळीही भांडण झाले होते. १९९५ च्या आरंभी एका बाजूस सोनी आणि फिलिप्स, तर दुसऱ्या बाजूस तोशिबा आणि टाइम वॉर्नर अशा दोन फळ्या उभ्या राहिल्या होत्या. तेव्हा आयबीएमच्या पुढाकाराने संगणक-कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी बजावले की, तुमचे एकमत होईपर्यंत आम्ही तुमची कोणतीच तबकडी आमच्या संगणकात बसविणार नाही. त्या दडपणाखाली तह झाला, दोन्ही पक्षांनी काही सोडले, काही राखले, आणि १९९६ च्या नोव्हेंबरात जपानात एकच डीव्हीडी बाजारात आली. गिऱ्हाइकाला त्या भांडणाची झळ लागली नाही, कारण तह वस्तू विकली जाण्यापूर्वी झाला होता. पुढच्या खेपेला नेमके हेच घडले नाही.

आता उच्च प्रतीच्या चित्राचा हिशेब पाहू. आपल्या पद्धतीच्या डीव्हीडीचे चित्र ७२० गुणिले ५७६ म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपक्यांचे असते. उच्च प्रतीचे पूर्ण चित्र १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपक्यांचे; अगदी नेमके पाचपट. व्हीसीडीच्या चित्राशी तुलना केली तर ते वीसपटीहून अधिक भरते. अशा दोन तासांच्या चित्रपटाला सहज पंचवीस गिगाबाइट जागा लागते. डीव्हीडीच्या एका थरावर त्यातील वीस-बावीस मिनिटेच मावतील. मध्यंतर येण्यापूर्वीच तबकडी संपावयाची. तेव्हा अधिक बारीक किरण हवा होता, आणि बारीक म्हणजे निळ्याच्या बाजूचा.

निळा प्रकाश देणारा स्फटिक बनविणे ही गोष्ट कित्येक वर्षे असाध्य मानली जात होती. जपानातील इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांच्या चिकाटीने ती साध्य झाली. निळ्या दिव्याच्या ह्या शोधाबद्दल तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नाकामुरा हे निचिया नावाच्या तुलनेने लहान अशा कंपनीत काम करीत, आणि त्याच मार्गाने त्यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास निळा-जांभळा लेसरही साधला. ४०५ नॅनोमीटरचा हा किरण हाती आल्यावर उच्च प्रतीचा चित्रपट एका तबकडीवर मावविणे शक्य झाले. विज्ञानाचे काम येथे पुरे झाले आणि व्यापाराचे सुरू झाले.

फेब्रुवारी २००२ मध्ये सोनी, मात्सुशिता, फिलिप्स आदी नऊ कंपन्यांनी ‘ब्लू-रे’ जाहीर केली. तोशिबा आणि एनईसी यांनी वेगळी चूल मांडली आणि तिला पुढे ‘एचडी डीव्हीडी’ असे नाव मिळाले. गंमत अशी की दोन्हींचा किरण एकच, चकतीचा व्यास एकच, चित्रे दाबून बसविण्याच्या पद्धतीही बव्हंशी त्याच. फरक होता तो मुख्यतः किरण आणि खळगे यांच्यामधील पारदर्शक थराच्या जाडीत. एचडी डीव्हीडीने डीव्हीडीप्रमाणेच ०.६ मिलिमीटरचा थर राखला. त्यामुळे जुन्या कारखान्यांत थोडे फेरफार करून ती काढता येई, पण एका थरात १५ गिगाबाइटच मावत. ब्लू-रेने तो थर केवळ ०.१ मिलिमीटरवर आणला. त्यामुळे भिंग तबकडीच्या अधिक जवळ नेता आले, किरण अधिक टोकदार झाला आणि एका थरात २५ गिगाबाइट बसले. परंतु त्यासाठी नवी यंत्रसामग्री आणि ओरखड्यांपासून रक्षण करणारा कठीण लेप आवश्यक झाला. एका पक्षाने काटकसर निवडली, दुसऱ्याने विस्तार. दोन्ही भूमिकांना आधार होता. अर्ध्या मिलिमीटरच्या ह्या मतभेदावर २००५ साली वाटाघाटी झाल्या, त्या फिसकटल्या, आणि २००६ च्या मार्चमध्ये एक व जूनमध्ये दुसरी अशा दोन्ही तबकड्या बाजारात उतरल्या. चित्रपट काढणाऱ्या कंपन्याही वाटल्या गेल्या. एका कंपनीचा चित्रपट हवा तर हे यंत्र, दुसरीचा हवा तर ते.

आपल्या मुलखातील एक जुने उदाहरण येथे आठवते. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग साडेपाच फूट रुंदीचा. १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शी लाइट रेल्वे निघाली, ती अडीच फूट रुंदीची. तिच्या कर्त्यांचे म्हणणे तसे रास्त होते. कमी खर्चात, कमी उतारूंच्या प्रदेशात रेल्वे पोचवावयाची तर मार्ग अरुंदच हवा. पण पुढे तो फाटा पंढरपुरास पोचल्यावर मुंबईच्या वारकऱ्याला काय भोगावे लागले? कुर्डुवाडीस उतरावयाचे, बोचके डोक्यावर घ्यावयाचे, म्हातारीचा हात धरावयाचा आणि लहान गाडीत नव्याने जागा शोधावयाची. रूळ दोन्ही पोलादाचेच होते. फक्त दोघांच्या रुंदीचा मेळ नव्हता. इंजिनियरांच्या दोन शहाणपणांमधील अंतर वारकरी आपल्या डोक्यावरून वाहत होता.

नेहरू प्लेसमधील त्या शनिवारी माझ्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, एचडी डीव्हीडीचे यंत्र घेणे. मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स ३६० ह्या खेळाच्या यंत्रासाठी एक सुटे जोड-यंत्र काढले होते आणि चतुर मंडळी ते यूएसबी तारेने सरळ संगणकाला जोडीत. तिन्ही वाटांत ही सर्वांत स्वस्त होती आणि माझ्या तीन तबकड्या त्यात चालल्या असत्या. दुसरी, ब्लू-रेचे ड्राइव्ह; ते महाग आणि माझ्या तबकड्यांना निरुपयोगी. तिसरी वाट २००७ च्या प्रारंभी कोरियाच्या एलजी कंपनीने काढली होती. दोन्ही पक्षांच्या तबकड्या वाचणारे एकच ड्राइव्ह. पण ते मागवून घ्यावे लागणार होते. दुकानदाराने मोठा प्रामाणिक सल्ला दिला: “साहेब, महिनाभर थांबा. हवा बदलते आहे.”

कार्यालयात मी ही अडचण एका ज्येष्ठ मराठी सहकाऱ्यांपुढे मांडली. वजनमापांच्या कायद्याशी त्यांचा नोकरीत बराच संबंध आला होता. ते म्हणाले, “अहो, तुम्ही यंत्राची चौकशी करता आहात, चौकशी करावयाची ती कराराची. स्वातंत्र्यापूर्वी गावोगावचा शेर निराळा, पायली निराळी. १९५६ साली कायदा झाला, १९५७ च्या एप्रिलपासून दशमान नाणी आली, मागोमाग किलो आला आणि वाण्याच्या तराजूमागे सरकार उभे राहिले. तुमच्या तबकडीमागे कोण उभे आहे? काही कंपन्या. त्या उद्या एकमेकींकडे पाठ फिरवतील. तेव्हा ज्या बाजूस चित्रपटवाले जातील तिकडे तुम्ही जा, आणि ते कोठे जातात हे कळेपर्यंत पाकिटाला हात लावू नका.” पुढे मी अनेक तंत्रज्ञांचे लेख वाचले, ह्याहून नेमका सल्ला मला कोठे आढळला नाही.

हवा खरोखरच बदलत होती. त्या वर्षी ४ जानेवारीला वॉर्नर कंपनीने यापुढे केवळ ब्लू-रेच काढण्याचा निर्णय जाहीर केला होता. फेब्रुवारीच्या मध्यास अमेरिकेतील वॉलमार्ट ह्या प्रचंड दुकानसाखळीने तीच वाट धरली, आणि १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने एचडी डीव्हीडी बंद करीत असल्याचे सांगितले. स्वस्त म्हणून मी घेतले असते ते जोड-यंत्र काही आठवड्यांत मातीमोल भावाने विकले जाऊ लागले. जगभर ज्यांनी ते अथवा त्याच्या जातीची यंत्रे घेतली होती, त्यांच्या हाती उत्तम चालणारी, पण नवा चित्रपट कधीच न मिळणारी वस्तू उरली. त्या वर्षी सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचा पहिला हप्ता हाती आला, तेव्हा मी दोन्ही तबकड्या वाचणारे ड्राइव्ह घेतले आणि विजयी मुद्रेने घरी आलो.

पण खरी परीक्षा पुढेच होती. पहिली तबकडी घातली तेव्हा आवाज सुरळीत आला आणि चित्र मात्र अडखळत, ठेचाळत पुढे सरकू लागले. दोष ड्राइव्हचा नव्हता. ब्लू-रेचा मूळ वेग सेकंदाला ३६ मेगाबिट. चित्रपटाला फार तर ५४ लागतात. म्हणजे दुप्पट वेगाचे साधे ड्राइव्हही चित्रपटास पुरते. खोक्यावर मिरविलेले आठपट, बारापट हे आकडे तबकडी लिहिणाऱ्याच्या कामाचे, पाहणाऱ्याला त्यापासून बहुधा घरघरच अधिक मिळते. अडचण होती ती दाबून बसविलेली चित्रे उलगडण्याची. त्या काळच्या साध्या प्रोसेसरला ते ओझे पेलत नसे. ते काम आपल्या अंगावर घेणारे ग्राफिक्स कार्ड निराळे बसवावे लागले. ते बसविले, तो पडद्यावर चित्रच येईना. कारण तबकडीपासून पडद्यापर्यंतच्या वाटेवर कुलपे होती. तबकडीवरील मजकूर कूटबद्ध, त्याची किल्ली पाहण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि संगणकापासून पडद्याकडे जाणाऱ्या तारेतही पहारा; ज्या पडद्याला ती खूण ओळखता येत नाही त्याला चित्र द्यावयाचेच नाही असा नियम. माझा पडदा त्या नियमाच्या आधीचा. तोही बदलला.

दुसरी गोष्ट देशांची. डीव्हीडीच्या व्यवस्थेत जगाचे प्रदेश पाडलेले होते व भारत पाचव्यात होता. ड्राइव्हमधील प्रदेश पाच वेळाच बदलता येई, पुढे तो कायमचा. ब्लू-रेने तीनच प्रदेश ठेवले, अमेरिका ‘ए’मध्ये, युरोप ‘बी’मध्ये आणि भारत ‘सी’मध्ये, आणि संगणकावर त्याची राखण ड्राइव्हऐवजी सॉफ्टवेअरकडे सोपविली. परदेशातील आप्तांनी प्रेमाने आणलेली तबकडी आपल्या घरी चालेलच असे नाही, हे पुष्कळांना पैसे खर्च झाल्यावर कळले. तिसरी गोष्ट किल्ल्यांची. २००७ मध्ये काही किल्ल्या चव्हाट्यावर आल्या, तेव्हा त्या रद्द करण्यात आल्या आणि जुने सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना ते नवे करून घेतल्याखेरीज नव्या तबकड्या दिसेनाशा झाल्या. ग्रामोफोनची तबकडी एकदा घेतली की ती आपली होत असे. ही तबकडी घेतल्यानंतरही वेळोवेळी परवानगी मागत राहावयाचे होते.

दिल्लीच्या परिसरात ह्या कथेचा आणखी एक अध्याय आहे आणि तो आपल्या देशाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. १९८३ साली दीपक पुरी यांनी स्विस कंपनीच्या सहकार्याने मोझर बेअर इंडिया ही कंपनी दिल्लीत स्थापिली. आरंभी तिचा व्यवसाय वेळ नोंदविणाऱ्या यंत्रांचा होता. पुढे ती फ्लॉपी बनवू लागली आणि १९९९ मध्ये तिने ग्रेटर नोएडा येथे सीडीचा मोठा कारखाना उभारला. काही वर्षांतच जगातील सर्वांत मोठ्या तबकडी-उत्पादकांत तिची गणना होऊ लागली. यमुनेपलीकडच्या, काल-परवापर्यंत ऊस आणि गहू पिकविणाऱ्या जमिनीवर बनलेल्या कोऱ्या तबकड्या युरोप-अमेरिकेत खपू लागल्या. पुढे ह्याच कंपनीने चित्रपट विकण्यास प्रारंभ केला आणि व्हीसीडी २८ रुपयांस व डीव्हीडी ३४ रुपयांस देऊन बाजार हलवून सोडला. चोरट्या नकलेच्या किमतीत अस्सल प्रत, ही कल्पनाच मोठी धाडसी होती. पालिका बाजारात नकली तबकडी घेताना वाटणारी टोचणी त्या किमतीने दूर केली.

परंतु ज्या तहावर हा उद्योग उभा होता, तो तहच ढासळू लागला. त्याचे चिन्ह फार आधी दिसले होते. वॉर्नरच्या निर्णयानंतर अकराच दिवसांनी, १५ जानेवारी २००८ रोजी, अ‍ॅपलने मॅकबुक एअर नावाचा पातळ संगणक सादर केला. त्यात तबकडीचे ड्राइव्ह मुळी नव्हतेच. दोन सैन्ये किल्ल्यासाठी झुंजत असताना तिसराच कोणी नवी राजधानी वसवीत होता. २०१२ च्या विंडोज ८ मधून डीव्हीडी पाहण्याची सोयही काढली गेली. आपल्याकडे २०१६ साली नेटफ्लिक्स आले, त्याच वर्षी सप्टेंबरात जिओची सेवा सुरू होऊन मोबाइलवरील इंटरनेट अत्यंत स्वस्त झाले, आणि तबकडी आणण्यासाठी बाजारात जाण्याचे कारणच उरले नाही. मोझर बेअरने सौरऊर्जेचाही मार्ग धरून पाहिला. पण कर्जाचा बोजा पेलला नाही आणि २०१८ च्या सप्टेंबरात राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तिचे विसर्जन करण्याचा आदेश दिला. तंत्राचा एक तह मोडला की त्याच्या आसऱ्याने उभी असलेली गावे कशी उठतात, हे पाहावयास दूर जावे लागत नाही.

आज कोणी मला विचारले की संगणकावर उच्च प्रतीचे चित्रपट पाहण्यासाठी ड्राइव्ह कोणते घ्यावे, तर मी इतकेच सांगेन. युद्ध संपले असल्याने पक्ष विचारण्याचे कारण नाही. ब्लू-रेचे यूएसबीने जोडण्याचे बाहेरचे ड्राइव्ह घ्यावे. संगणक बदलला तरी ते बदलावे लागत नाही, आणि जुन्या सीडी व डीव्हीडीही ते वाचते. वेगाच्या आकड्यांस भुलू नये. ते किती शांतपणे चालते ते पाहावे. चित्र दाखविणारे अधिकृत सॉफ्टवेअर सोबत मिळते की निराळे घ्यावे लागते, हे आधी विचारावे, कारण विंडोजमध्ये ब्लू-रे पाहण्याची उपजत सोय नाही. २०१६ मध्ये आलेल्या चौपट ठिपक्यांच्या ‘अल्ट्रा एचडी’ तबकडीचा मोह असेल तर दुप्पट सावध राहावे. संगणकावर ती अधिकृत मार्गाने पाहण्यास इंटेलच्या प्रोसेसरमधील एक विशिष्ट सुरक्षा-व्यवस्था आवश्यक ठरविण्यात आली, आणि पुढे इंटेलनेच आपल्या घरगुती संगणकांच्या नव्या प्रोसेसरांतून ती काढून टाकली. म्हणजे नवा, अधिक बलवान संगणक घेणाऱ्यालाच ती तबकडी दिसेनाशी झाली. अशा तबकड्यांसाठी दूरदर्शन संचाला जोडावयाचे स्वतंत्र यंत्रच बरे. कुलूप फोडण्याच्या युक्त्या सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५-अ आले आहे, आणि हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप फोडणे हा त्यानुसार गुन्हा आहे, हे मी सरकारी नोकर ह्या नात्याने सांगून ठेवतो.

तरीही एक प्रश्न उरतो आणि तो केवळ करमणुकीचा नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत लोकांनी पाहिला. आज त्याचे काही भागच उरले आहेत. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिती जळून गेल्या. फीत जळते, ती डोळ्यांना दिसते. तबकडीचा नाश निराळ्या रीतीने होतो; ती कपाटात चकाकत असते आणि तिला वाचणारा कोणी उरत नाही. आमच्या कार्यालयांतील किती फायलींना सीडीची पाकिटे टाचलेली आहेत! अहवाल, नकाशे, जबान्या, सारे त्यांत आहे, आणि टेबलावरच्या नव्या संगणकाला ती घालण्याची खाचच नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत सोनीने कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादनही थांबविले. मोडी लिपीतील रुमाल वाचणारे लोक आपण वेळीच तयार केले नाहीत, म्हणून कित्येक दप्तरे मुकी राहिली. प्रकाशाच्या लिपीतील ह्या दप्तरांची तीच गत होऊ द्यावयाची नसेल, तर वाचणारी यंत्रे चालू आहेत तोवरच ती उतरवून घेतली पाहिजेत.

माझ्या त्या तीन तबकड्यांचे पुढे काय झाले? नवा संगणक आला, नवे सॉफ्टवेअर आले, आणि त्याच्या यादीतून एचडी डीव्हीडीचे नाव वगळलेले होते. ड्राइव्ह शाबूत, तबकड्या शाबूत. त्यांना ओळखणारा करार तेवढा संपला होता. म्हणून २००८ चा तो संगणक मी मोडीत काढला नाही. त्याला इंटरनेट जोडलेले नाही. जोडले तर त्याला आपले जुनेपण कळेल अशी भीती वाटते. चुलतभाऊ दिवाळीत आला म्हणजे आम्ही त्याच्यावरची चादर काढतो, पंखा कुरकुरत फिरू लागतो, तबकडी आत सरकते, आणि थोड्या वेळाने पडद्यावर ते स्वच्छ चित्र येते. त्या एका पेटीपुरता तो मोडलेला तह अजून पाळला जात आहे. किती दिवस, ते त्या पंख्यावर अवलंबून आहे.